सपाट गच्चीलाही हवा उतार

पावसाळा सरत आला की देशातील असंख्य घरांच्या छतांवर आतील बाजूने पिवळसर डाग उमटू लागतात. प्रथम रंग फुगतो, मग गिलावा सुटतो आणि काही वर्षांनी काँक्रीटचा पापुद्रा निखळून आतील गंजलेली सळई दिसू लागते. या गळतीचा दोष बहुधा सिमेंटला, गवंड्याला किंवा वर लावलेल्या जलरोधक रसायनाला दिला जातो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी मूळ कारण याहून साधे असते. गच्चीवर पडलेल्या पाण्याला बाहेर पडण्यासाठी उतारच ठेवलेला नसतो.

बांधकामाच्या परिभाषेत ‘सपाट छत’ याचा अर्थ पाण्याच्या पातळीसारखे समतल छत असा नाही. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या, पायांना सपाट वाटणाऱ्या गच्चीलाही दर मीटरला किमान एक सेंटीमीटर, म्हणजे शंभरास एक या प्रमाणात उतार असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. पाऊस अधिक असलेल्या प्रदेशात किंवा पृष्ठभाग खडबडीत असल्यास हा उतार याहून जास्त ठेवला जातो. गच्चीवर वाळवण घालता येते, खुर्ची टाकून बसता येते, मुले खेळू शकतात आणि तरीही पाणी थांबत नाही, अशी ही मर्यादा आहे.

मातीच्या छतांचा धडा

सपाट छत ही काँक्रीटची देणगी नव्हे. कोकण, केरळ, आसाम अशा धो-धो पावसाच्या प्रदेशांत उतरती कौलारू किंवा गवताची छपरे रूढ झाली, तर कमी पावसाच्या मुलखात मातीची सपाट छते शतकानुशतके बांधली गेली. खानदेशात आणि विदर्भाच्या काही भागांत त्यांना धाबे म्हणतात, मराठवाडा व सोलापूरकडे माळवद. पंजाब, हरियाणा व दिल्लीच्या परिसरात भुसा मिसळून मळलेल्या मातीचा थर आणि त्यावर विटांच्या पातळ फरश्या अशी ‘मड फुस्का’ नावाची पद्धत आहे. तिच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने स्वतंत्र मानकही तयार केले आहे. तमिळनाडूतील ‘मद्रास टेरेस’ पद्धतीत सागवानी तुळयांवर विटा उभ्या व तिरप्या बसवून, त्यावर विटांची खडी आणि चुना यांचा थर ठोकून घट्ट करीत असत. लडाखमध्ये पॉप्लरच्या तुळया, विलोच्या काड्या आणि त्यावर माती अशी रचना असते. लेह येथे वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस व हिमवर्षाव होतो, म्हणून ती तिथे टिकली.

या सर्व पद्धतींत पाणी अडविण्यापेक्षा ते लवकर घालवून देण्यावर भर असे. माती पाणी शोषते, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून छताला चांगला उतार दिला जाई, कडेला पन्हळी ठेवल्या जात आणि दर वर्षी पावसापूर्वी वरचा थर नव्याने सारवला जाई. राजस्थानातील अनेक जुन्या घरांत आणि अहमदाबादच्या पोळांतील वाड्यांत गच्चीचा उतार घरातील टाक्याकडे वळविलेला आढळतो. तेथे उतार चुकला तर वर्षाचे पिण्याचे पाणी गेले, असाच हिशेब होता.

मात्र याच परंपरेतील एक सवय फार महागात पडली. माळवद गळू लागले की जुनी माती न काढता तिच्यावर नव्या मातीचा थर टाकायचा, हा सोपा उपाय असे. वर्षानुवर्षे असे थर साचत गेले आणि कित्येक घरांच्या माथ्यावर फूट-दोन फूट जाडीची माती जमली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माथ्यावरील हा भार यांखाली झोपलेली माणसे गाडली गेली. सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. भूकंपाची कारणे भूगर्भात होती, हे खरे. पण गळतीवरचा उपाय म्हणून छतावर वजन वाढवीत जाणे किती घातक ठरू शकते, हे त्या पहाटेने दाखवून दिले. आज मातीची जागा काँक्रीटने घेतली असली तरी ही सवय गेलेली नाही. गळक्या गच्चीवर जुना कोबा तसाच ठेवून नवा कोबा टाकण्याचे काम शहरांतही सर्रास चालते.

काँक्रीट पाणी अडवीत नाही

काँक्रीटमधून पाणी जात नाही, हा समज व्यापक आहे. वास्तविक काँक्रीट सच्छिद्र असते. ओतताना नीट दाबले न गेलेले कोपरे, दोन दिवसांच्या कामातील सांधे, उन्हाने पडलेल्या बारीक भेगा यांतून पाणी वाट काढते. दहा मिनिटांत वाहून गेलेले पाणी फारसे आत शिरत नाही. तेच पाणी आठ दिवस साचून राहिले तर त्याला केसाएवढी भेगही पुरते. ते सळईपर्यंत पोहोचले की गंज चढू लागतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते आणि त्या दाबाने खालचे काँक्रीट फुटून पडते. समुद्रकाठच्या हवेतील क्षारांमुळे ही क्रिया आणखी वेगाने घडते. त्यामुळे मुंबई, गोवा किंवा चेन्नई येथील गच्चीवर साचलेले पाणी कोरड्या पठारावरील गच्चीपेक्षा अधिक नुकसान करते.

शिवाय स्लॅब हा जन्मभर सरळ राहत नाही. स्वतःच्या वजनाने आणि काळाच्या ओघात तो मध्यभागी किंचित झुकतो. काँक्रीटच्या बांधकामाबाबतच्या ‘४५६’ या भारतीय मानकानुसार हा एकूण झोक गाळ्याच्या लांबीच्या अडीचशेव्या भागापेक्षा जास्त नसावा. चार मीटरच्या गाळ्यात ही कमाल मर्यादा १६ मिलिमीटर होते. चांगल्या कामात झोक याहून कमी असतो. तरीही अगदी समतल ओतलेल्या गच्चीच्या मध्यावर काही वर्षांनी उथळ तळे का दिसते, याचे उत्तर यात आहे. दोनशेस एक असा नाममात्र उतार दिला, तर दोन मीटरच्या अंतरात तो जेमतेम १० मिलिमीटर भरतो आणि स्लॅबच्या झोकात सहज विरून जातो. शंभरास एक हा आकडा म्हणूनच कंजूषपणे पाळण्याचा नाही.

साचलेल्या पाण्याचा आणखी एक परिणाम घराबाहेर पोहोचतो. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला स्वच्छ, स्थिर पाणी लागते आणि अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. कोणी फारसे न जाणाऱ्या गच्चीवर बोटभर खोलीचे डबके श्रावणात एवढे दिवस सहज टिकते.

वरच्या मजल्याची आशा

उतार न देण्यामागे दर वेळी अज्ञानच असते असे नाही. लहान शहरांत व गावांत घर एकदाच पूर्ण बांधले जात नाही. आज तळमजला, मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला, असा विचार असतो. आजची गच्ची ही उद्याची जमीन असल्याने मालक ती समतल ओतून घेतो आणि खांबांच्या सळया वर सोडून ठेवतो. अनेकदा तो मजला पंधरा-वीस वर्षे होत नाही. मध्यंतरी पाणी साचत राहते, उघड्या सळया गंजतात आणि त्यांच्या मुळाशी असलेल्या फटीतून थेट खांबात उतरते. ज्या खांबांवर पुढचा मजला उभा राहायचा तेच आधी कमकुवत होतात.

यावर तोड आहे. स्लॅब समतल ओतावा आणि उतार त्यावरील वेगळ्या, पुढे काढता येण्याजोग्या थराने द्यावा. महाराष्ट्रात व गुजरातमध्ये यासाठी विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात, तर तमिळनाडूत विटांची खडी व चुन्याचा थर अजूनही प्रचलित आहे. वरच्या सळयांभोवती कठड्याप्रमाणे काँक्रीटचा लहान उंचवटा करून त्या दुबळ्या सिमेंटमध्ये झाकून ठेवल्या, तर गरज पडेल तेव्हा मोकळ्या करता येतात. वरचा मजला कधीच चढवायचा नसेल तेथे मात्र स्लॅबच उतरता ओतणे अधिक चांगले. शटरिंग लावतानाच एका बाजूच्या टेकूंची उंची थोडी कमी ठेवली की काम होते. आतून पाहणाऱ्याला दर मीटरला एक सेंटीमीटरचा फरक सहसा जाणवत नाही आणि कोब्याचे अनेक टन वजन वाचते.

बारा बाय नऊ मीटरचा हिशेब

हे वजन किती, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बारा मीटर लांब व नऊ मीटर रुंद, म्हणजे १०८ चौरस मीटरची एक गच्ची घेऊ. पाणी जाण्यासाठी एकाच कोपऱ्यात नळ ठेवला, तर सर्वांत दूरच्या कोपऱ्यातील थेंबाला कर्णाने १५ मीटर जावे लागेल. येथे बहुतेक चूक होते. गवंडी भिंतीच्या कडेने १२ मीटर मोजतो आणि १२ सेंटीमीटर चढ देतो. आवश्यक चढ १५ सेंटीमीटर असतो. नळापाशी कोब्याची जाडी ५ सेंटीमीटर धरली तर समोरच्या कोपऱ्यात ती २० सेंटीमीटर होईल आणि सरासरी साडेबारा. एवढ्या कोब्याचे वजन सुमारे २५ टन भरते.

आता हेच नळ चारही कोपऱ्यांत ठेवले आणि गच्चीचा मध्य सर्वांत उंच ठेवला, तर पाण्याला जास्तीत जास्त साडेसात मीटर जायचे आहे. मध्यावर जाडी साडेबारा सेंटीमीटर, कोपऱ्यांत पाच आणि सरासरी पावणेनऊ. उतार तोच, पण चार घनमीटर साहित्य कमी लागले आणि इमारतीच्या माथ्यावरील सुमारे साडेसात टन भार टळला. जादा तीन नळांचा खर्च वाचलेल्या साहित्याच्या मानाने किरकोळ ठरतो.

नळांची संख्या पावसाच्या तीव्रतेवर ठरते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तासाला १०० मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ साधारण ४२ चौरस मीटर गच्चीचे पाणी वाहून नेतो, असे रूढ तक्ते सांगतात. उदाहरणातील गच्चीला त्यानुसार तीन नळ लागतात. चौथा असल्यास एखादा तुंबला तरी निभावते. पाऊस मात्र तक्त्याला बांधलेला नसतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्या दुपारी एका तासातच सुमारे १९० मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच काळात कुलाब्याला मात्र ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. अशा एका तासात आपल्या उदाहरणातील गच्चीवर वीस हजार लिटरहून अधिक पाणी पडले असते आणि चारही नळ मोकळे असूनही ते काही काळ साचलेच असते.

म्हणूनच कठड्यात आणखी एक सोय करावी लागते. गच्चीच्या सर्वांत उंच भागापेक्षा किंचित वर, कठड्याच्या बाहेर थेट पडणारी एक-दोन मोकळी भोके ठेवली, तर नळ तुंबले तरी पाणी ठरावीक पातळीवर चढत नाही. मीटरभर उंचीचा कठडा सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. पण पाण्याच्या वाटा बंद झाल्या की तोच गच्चीची टाकी करतो. दहा सेंटीमीटर साचलेले पाणी दर चौरस मीटरला १०० किलो वजन टाकते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी मानकांत धरलेला वावराचा भार दीडशे किलो आहे आणि वावर नसलेल्या छतासाठी केवळ ७५ किलो. ही भोके ठेवलेली गच्ची क्वचितच पाहावयास मिळते.

कोपरे, तोंडे आणि कामाचा क्रम

गच्ची मध्यभागी फारशी गळत नाही. ती गळते कठड्याच्या सांध्यात आणि नळाच्या तोंडाशी. गच्ची आणि कठडा जेथे काटकोनात मिळतात तेथे सिमेंटचा गोलसर उतार करतात. मुंबई-पुण्याकडील कारागीर त्याला ‘वाटा’ म्हणतात, तर उत्तरेत आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलांत तो ‘गोला’ या नावाने येतो. नळाच्या तोंडाभोवती साधारण ४५ सेंटीमीटरचा चौकोन खोलगट केला जातो. त्याला ‘खुर्रा’ असे नाव आहे. हा चौकोन भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा खाली असला तरच पाणी नळात शिरते. प्रत्यक्षात नळ आधी बसविला जातो, कोबा नंतर होतो, आणि नळाचे तोंड शेवटी पाण्याच्या पातळीपेक्षा बोटभर वर राहते. एवढ्या एका चुकीमुळे उत्तम उतार दिलेली गच्चीही तोंडापाशी तुंबते.

कामाचा क्रम त्यामुळे महत्त्वाचा ठरतो. आधी नळांच्या जागा व तोंडांची पातळी निश्चित करावयाची. मग पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने कठड्यावर सर्व बाजूंनी एकाच पातळीची रेघ मारावयाची आणि त्या रेघेवरून मोजून ठिकठिकाणी सिमेंटचे ठिय्ये घालावयाचे. गवंड्याने केवळ नजरेने दिलेला उतार बहुतेकदा कठड्याशी चांगला आणि मध्ये फसवा असतो. ठिय्यांवर दोरी ताणून कोबा भरला की चूक तेथल्या तेथे दिसते. जलरोधक थर कोब्याखाली घालावा की वर, याबाबत पद्धती वेगवेगळ्या आहेत. मात्र तो कोठेही असला तरी उताराची जागा घेऊ शकत नाही. गच्चीवर लावण्याच्या बहुतेक लेपांचे आयुष्य कायम पाण्याखाली राहिल्यास घटते.

काम झाल्यावर गच्चीवर पाणी कोंडून दोन-तीन दिवस ठेवण्याची चाचणी सर्वत्र घेतली जाते. तिच्यातून गळती कळते, उतार कळत नाही. उतारासाठी दुसरी, अधिक सोपी परीक्षा आहे. बोळे काढून पाणी जाऊ द्यावे आणि तासाभराने गच्चीवर फेरी मारावी. जेथे पाणी राहिले असेल त्याच्या कडेने खडूची रेघ ओढावी. ओला पृष्ठभाग चालतो. ज्यात आभाळ दिसते ते डबके चालत नाही. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ही फेरी झालेली बरी, कारण ओला कोबा सुधारणे तासाभराचे काम असते आणि पुढे तीच दुरुस्ती फोडून करावी लागते.

जुन्या गच्चीचे काय?

बांधून झालेल्या गच्चीला उतार नसेल, तर पहिला प्रश्न आधीच तिच्यावर किती थर आहेत हा असावा. एखाद्या कोपऱ्यात लहानसा चौकोन फोडून स्लॅबपर्यंतची जाडी मोजता येते. दहा सेंटीमीटर जाडीचा आणखी एक कोबा दर चौरस मीटरला सुमारे १९० किलो भार वाढवितो. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी गृहीत धरलेल्या संपूर्ण भारापेक्षा हे अधिक आहे. म्हणून जुना कोबा काढून स्लॅब उघडा करणे, भेगा व गंजलेल्या सळया दुरुस्त करणे आणि मगच नवा उतार देणे, हाच योग्य मार्ग होय. फोडकाम त्रासाचे, धुळीचे आणि खर्चाचे असते. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत ते नेमके याच कारणाने टाळले जाते. इमारत जुनी असल्यास संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याखेरीज वजन वाढवू नये. उताराची जाडी भरून काढण्यासाठी नेहमीच्या काँक्रीटपेक्षा निम्म्याहून कमी वजनाचे हलके काँक्रीटही वापरले जाते.

केवळ एखाद-दुसऱ्या जागी पाणी थांबत असेल, तर सारी गच्ची फोडण्याची गरज नसते. त्या खोलगट भागाच्या सर्वांत खालच्या बिंदूजवळ कठडा असेल, तर तेथेच नवे तोंड पाडून नळ उतरविणे हा स्वस्त आणि बिनवजनाचा उपाय आहे. केरळात आणि मुंबईसह कोकणात गच्चीवर पत्र्याचे उतरते छप्पर घालण्याकडे कल वाढला आहे. त्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी लागते आणि वाऱ्याने पत्रा उचलला जाऊ नये म्हणून सांगाडा खांबांशी पक्का जोडावा लागतो.

पावसाचे पाणी साठविण्यासाठीही हाच उतार कामी येतो. तमिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण बंधनकारक केले. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती लागले, तर ४८ हजार लिटर साठा होतो. समतल गच्चीवर सुरुवातीच्या प्रत्येक सरीचे पाणी खळग्यांतच अडकून वाफ होऊन जाते.

देखभालीत फारसे गूढ काही नाही. पहिल्या पावसापूर्वी आणि त्यानंतर दर महिन्याला नळांची तोंडे साफ करावीत. पाने, कबुतरांची पिसे, प्लास्टिकच्या पिशव्या आणि संक्रांतीचे उरलेले पतंग यांनी ती बहुतेक तुंबलेली असतात. सपाट जाळीवर एक पान पडले तरी पाणी अडते, म्हणून घुमटाच्या आकाराची उंच जाळी बसवावी. पाण्याच्या टाक्या व कुंड्या पाण्याच्या वाटेतून हलवाव्यात आणि टाक्यांखाली उंचवटे असल्यास ते उताराला आडवे येत नाहीत ना, हे पाहावे. कठड्याच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप दोन पानांचे असतानाच मुळासकट काढावे लागते.